तलाव आबालालांचा, सही आमची

आमच्या चिपळूणच्या घरात, बाहेरच्या खोलीत, एका तलावाचं चित्र होतं. खाली कोपऱ्यात आम्हा दोघी बहिणींची सही. चित्र खरं तर आबालाल रहिमान यांचं, कोल्हापूरच्या कोटितीर्थाचं; एका जुन्या अंकातल्या छापील पानावरून आम्ही ते उतरवलेलं.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले, १९३१ साली वारले. कोटितीर्थ त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं. आमचं उस्ताद म्हणजे ते एक पान. लांबची झाडं आधी आणि फिकट घ्यायची, काठावरच्या गडद झाडाची पाण्यातली छाया झाडापेक्षा किंचित उजळ ठेवायची, हे नुसतं बघून कळलं नव्हतं. कागद तीनदा खराब झाला तेव्हा कळलं.

ईदला खाला आली. "माशाअल्लाह! कुठला गं हा तलाव?"

"कोल्हापूरचा."

"तुम्ही कधी गेला होतात?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खाला गेल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, "खुशनवीससुद्धा उस्तादाची मश्क वर्षानुवर्षं गिरवतात. पण उस्तादाचं नाव झाकून मिरवत नाहीत."

त्या रात्री फ्रेम उघडून सही कापली आणि खाली लिहिलं, 'आबालाल रहिमान यांच्या चित्रावरून'. पुढच्या खेपेला खालाने ते वाचलं, पण तारीफ केली नाही. खोटं कशाला बोला, वाईट वाटलं.

मग रंग घेऊन गोवळकोटच्या धक्क्यावर गेलो. पहिल्या कागदावर वाशिष्ठीच्या जागी कोटितीर्थच उतरलं! तलावाचं पाणी एका जागी थांबतं, इथे भरती-ओहोटी. छाया रंगवेपर्यंत पाणी उतरून काठाचा चिखल उघडा पडलेला, आणि तो चिखल कसा रंगवायचा हे आमच्या त्या पानात नव्हतं. निळा घातला तर आभाळ वाटायचं, तपकिरी घातला तर शेत. शेवटी आभाळाचाच पातळ करडा रंग ओल्या तपकिरीवर सोडला, तेव्हा कुठे चिखल चमकला. सहा कागद गेले.

सातवा भिंतीला टेकवून वाळत ठेवला होता. खाला आली, वाकून बघत म्हणाली, "अगं, हा तर आपल्या गोवळकोटचा चिखल! हा काय काढायचा असतो?"