चिखलातला डेल्टा

लंडन मागे टाकून थेम्स समुद्राकडे निघाली की तिचं पात्र फुगतं, पाणी मातकट होतं आणि उत्तर काठाला बिलगलेलं कॅन्व्ही नावाचं सखल बेट लागतं. सतराव्या शतकात डच लोकांनी बांध घालून ते भरतीपासून राखलं. बांधाच्या आत घरं, बाहेर चिखल आणि पूर्वी दूरवर तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी होती. रात्री त्यांच्या तोंडाशी ज्वाळा दिसत. १९५३च्या जानेवारीअखेरीस एका रात्री समुद्र बांध फोडून आत घुसला आणि बेटावरची पन्नासहून अधिक माणसं दगावली. जॉन विल्किन्सन तेव्हा पाच वर्षांचा होता. मोठेपणी त्यानं आपलंच नाव उलटंपालटं करून विल्को जॉन्सन केलं.

अमेरिकेतल्या ब्लूजचा जन्म मिसिसिपीच्या डेल्टातला. कॅन्व्हीच्या पोरांनी थेम्सच्या मुखालाच आपला डेल्टा मानलं आणि १९७१च्या सुमारास 'डॉ. फीलगुड' हा बँड उभा केला. गायला आणि माउथऑर्गन वाजवायला ली ब्रिलो, बासवर जॉन स्पार्क्स, ड्रमवर 'बिग फिगर' या टोपणनावाचा जॉन मार्टिन आणि गिटारवर विल्को. हा विल्को इंग्रजी साहित्याचा पदवीधर. आइसलँडच्या जुन्या सागा आवडीनं वाचणारा, जमिनीच्या वाटेनं थेट भारतापर्यंत भटकून आलेला आणि परतल्यावर शाळेत मास्तरकी केलेला.

साउथएंडच्या कुर्साल सभागृहातल्या १९७५च्या कार्यक्रमाचं चित्रण आजही बघायला मिळतं. त्यात विल्कोच्या उजव्या हातावर नजर ठेवावी. बहुतेक गिटारवाले तारा छेडायला पिक वापरतात. हा वापरत नाही. बोटं आखडून नुसत्या नखांनी खाली-वर फटके मारतो. डावा हात तारा दाबतो आणि लगेच ढिला सोडतो, त्यामुळे सूर लांबत नाही, तटकन तुटतो. त्या तुटण्यातूनच ठेका उभा राहतो. आणि तो ठेका न सोडता मधूनच एखादी सुरावट झळकून जाते. तमाशाच्या फडात ढोलकीवाला एकटाच धूम आणि चाट दोन्ही सांभाळतो, तसं हे काम. ही हातोटी त्यानं 'पायरेट्स' या बँडच्या मिक ग्रीनकडून उचलली आणि ते ऋण तो आयुष्यभर सांगत राहिला.

सगळा वेळ तो डोळे वटारून रंगमंचावर पुढे-मागे सटासट सरकत असतो, गिटार बंदुकीसारखी रोखत असतो. शेजारी मळका सूट घातलेला ली, घामानं निथळत, मूठ आवळून एका जागी ठाम. एवढा दाब मी दुसऱ्या कुठल्याच बँडमध्ये अनुभवलेला नाही.

पहिला अल्बम, 'डाउन बाय द जेटी', १९७५च्या जानेवारीत आला. रॉकवाले तेव्हा एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू भरेल इतकं ताणत होते, सिंथेसायझरची रास रचत होते. या चौघांनी गाणी आटोपशीर ठेवली आणि ऐन स्टीरिओच्या जमान्यात अल्बम मोनोत काढला. काय गाळायचं हे ज्याला कळतं, तोच असं काही करू धजतो. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांचा अल्बम, 'स्टुपिडिटी', ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तोवर त्यांचं एकही सिंगल गाजलेलं नव्हतं.

१९७७मध्ये चौथ्या अल्बमच्या वेळी भांडण झालं आणि विल्को बाहेर पडला. नेमकं तेच पंकचं वर्ष. पुढे 'क्लॅश' या पंक बँडमधून गाजलेल्या जो स्ट्रमरनं विल्कोला पाहून टेलिकास्टर गिटार घेतली होती. 'ब्लॉंडी'चा ड्रमर क्लेम बर्क तो पहिला अल्बम न्यूयॉर्कला घेऊन गेला आणि तिथल्या नव्या मंडळींनी तो ऐकला. ब्रिटिश पंकच्या पहिल्या रेकॉर्ड काढणारी 'स्टिफ' कंपनी १९७६मध्ये उभी राहिली ती लीनं उसने दिलेल्या ४०० पौंडांवर. इतिहास लिहिताना मात्र पंक जणू आभाळातून पडलं असं लिहिलं जातं आणि कॅन्व्हीचे चौघे तळटीपेत जातात. मला हे मनापासून खटकतं.

लीनं नवे सोबती घेऊन बँड चालवला. १९७९मध्ये 'मिल्क अँड अल्कोहोल' हे त्यांचं गाणं पहिल्या दहांतही पोचलं. १९९४मध्ये कर्करोगानं ली गेला, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी. २०१३च्या सुरुवातीला विल्कोलाही स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं. त्यानं केमोथेरपी नाकारली, निरोपाचे कार्यक्रम केले, 'द हू'च्या रॉजर डाल्ट्रीबरोबर अल्बम केला. मग एका शल्यविशारदाला वाटलं की ही गाठ काढता येईल. २०१४मध्ये केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात सुमारे तीन किलोंची गाठ काढली गेली, आणि विल्को पुढे आठ वर्षं जगला, वाजवत राहिला.

आजची तरुण मंडळी त्याला ओळखतात ती 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतला जीभ छाटलेला जल्लाद म्हणून. तिथं त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. ज्यांनी त्याला तेवढंच पाहिलंय त्यांनी पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, 'शी डज इट राइट', लावावं आणि आवाज मोठा ठेवावा.