रस्ता एवढा शांत कसा?



पंधरा-वीस दिवस पेजवर काही लिहिलं नाही, तर चार-पाच जणांनी मेसेज टाकले, "नाना, तब्येत बरी ना?" तब्येत एकदम बरी. स्पेनला गेलो होतो. द्राक्षाच्या अभ्यास दौऱ्याला नाही, सायकल चालवायला. हसू नका.

सहा वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हापासून मी सायकल चालवतो, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. ज्या दिवशी फवारणी नसेल त्या दिवशी पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या धरणापर्यंत जाऊन येतो. पुतण्या बार्सिलोनात नोकरीला आहे, त्यालाही हाच नाद. दोन वर्षं मागं लागला होता, "काका, एकदा या. असा रस्ता दाखवतो की तासभर चालवा, हॉर्न ऐकू येणार नाही." ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की माझा पाय बागेतून निघत नाही, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन आलो.

बार्सिलोनापासून गाडीनं अडीच-तीन तासांवर तेरुएल नावाचा प्रांत लागतो. प्रांत म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा. त्याच्या पूर्वेच्या टोकाला मातार्रान्या नदी आहे आणि तिच्याच नावाचा तालुक्याएवढा भाग. सगळी मिळून १८ गावं. वाल्देर्रोब्रेस या मोठ्या गावात आम्ही मुक्काम केला. नदीवर जुना दगडी पूल, पूल ओलांडला की वेस, वर टेकडीवर किल्ला आणि चर्च. वेशीवर संत रोकेचं ठाणं आहे. प्लेग येऊ नये म्हणून त्या काळी लोक त्याला साकडं घालायचे. मला एकदम आपल्या वेशीबाहेरची मरीआई आठवली. रोगराईची भीती सगळीकडं सारखीच.

सायकली भाड्यानं घेतल्या. एवढी हलकी की एका हातानं उचलावी. हेल्मेट सक्तीचं, रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं. पहिले दोन किलोमीटर मी सारखा मागं वळून बघत होतो, ट्रक आला का, ट्रॅक्टर-ट्रॉली आली का. सवय आपली! तिथं कायदा आहे की सायकलवाल्याला ओलांडताना गाडीनं किमान दीड मीटर अंतर सोडायचं. समोरून कुणी येत असेल तर गाडी मागं थांबून राहते, हॉर्न नाही, काही नाही. डांबर असं की खड्डा शोधून सापडत नाही.

तीन दिवसांत पावणेदोनशे किलोमीटर झाले. बेथेइते, क्रेतास, कालाथेइते, ला फ्रेस्नेदा अशी गावं बघितली. सगळी घरं पिवळसर दगडाची. ग्रामपंचायतीच्या इमारतीखाली कमानी असलेली मोकळी जागा असते, पूर्वी तिथं बाजार भरायचा. काही गावांत त्याच इमारतीत जुनी कोठडीही आहे. चौकाचौकात पाण्याचा नळ, बाटली भरून घ्यायची.

शेतकऱ्याचा डोळा शेतातच जातो. ऑलिव्ह, बदाम, मधूनमधून द्राक्ष. बदामाची काढणी चालू होती. ट्रॅक्टरला एक यंत्र, ते खोडाला धरतं, खाली उलटी छत्री उघडते, झाड गदागदा हलतं आणि बदाम छत्रीत. एक माणूस, एक ट्रॅक्टर, एक झाड मिनिटभरात मोकळं. खाली माथालेओन गावाकडं पीचच्या बागा बघितल्या. कालांदाचा पीच म्हणून तो प्रसिद्ध आहे. झाडावरच्या एकेका फळाला हातानं मेणकागदाची पिशवी बांधतात, फळमाशीपासून आणि फवाऱ्यापासून फळ वाचावं म्हणून. पिंक बेरी येऊ नये म्हणून आपण घडांना पेपर लावतो, तसंच. मी सायकल टाकून बांधावरच बसलो. पुतण्या म्हणाला, "काका, आपण फिरायला आलोय." म्हटलं, मी फिरतोच आहे.

कुठं कुठं लांबलचक शेड दिसायच्या, वास आला की कळायचं, डुकरं. बरीचशी कराराची. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते, शेतकऱ्याची जागा आणि मेहनत. आपल्या ब्रॉयलरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

डोंगराच्या उतारावर दगडी ताली आहेत. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. २०१८ साली युनेस्कोनं या बांधकामाच्या कलेला वारसा म्हणून मान दिला, स्पेनसह आठ देशांच्या नावानं. खालच्या ताली नीट होत्या. वर बघत गेलो तसं एक ढासळलेली, मग तीन ढासळलेल्या, मग नुसती झुडपं आणि पाईनची झाडं. कुणाच्या तरी आज्या-पणज्यानं पाठीवर दगड वाहून ती जमीन केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका लहान गावात पोचलो. नाव लिहीत नाही. गल्लीत आमच्या चाकांचा आवाज तेवढा. एका दारावर दगडात कोरलेलं घराण्याचं चिन्ह, खाली कुलूप, कुलपाला गंज. पुढचं घर बंद. त्याच्या पुढचं बंद. आतापर्यंत शांततेचं कौतुक करत आलो होतो, तिथं मात्र काहीतरी खुपलं. पुतण्याला विचारलं, "अरे, माणसं कुठंयत?"

कमानीखाली ऐंशीच्या घरातले एक बाबा बसले होते. पुतण्या बोलला त्यांच्याशी, मला सांगत गेला. त्यांची बदामाची बाग आहे. मुलगा झारागोझात असतो. लहानपणी शाळेत ते चाळीस जण होते. बंद घरं कुणाची, तर बार्सिलोना, झारागोझात गेलेल्यांची. ऑगस्टात जत्रेला येतात, आठ दिवस गाव भरतं, मग पुन्हा कुलपं. म्हटलं, हे तर आपल्या यात्रेसारखंच. मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, पालखी होते, सोमवारी गाव रिकामं.

मी सहज म्हणालो, "तुमचा रस्ता फार चांगला आहे." बाबा म्हणाले, "आम्ही भरपूर होतो तेव्हा रस्ता नव्हता. आता रस्ता आहे."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात किती लोक?" सांगितलं, साडेतीन हजार. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मुलं आहेत?" म्हटलं, आहेत की. तेवढं बोलून मी गप्प झालो. कारण आमच्या शाळेचा पट गेल्या दहा वर्षांत निम्म्यावर आलाय, हे मला ठाऊक होतं.

रात्री पुतण्यानं आकडे काढून दाखवले. तेरुएल प्रांत १४,८०० चौरस किलोमीटर. आपला नाशिक जिल्हा साधारण साडेपंधरा हजार. म्हणजे जवळपास सारखेच. नाशिकची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख. तेरुएलची एक लाख चौतीस हजारांच्या आसपास! आणि १९१० च्या सुमाराला तिथं अडीच लाख लोक होते. मातार्रान्याच्या १८ गावांत मिळून आठ-साडेआठ हजार. आपल्याकडं एका बाजाराच्या गावात त्याहून जास्त.

तिथले लोक याला नुसता 'रिकामा स्पेन' म्हणत नाहीत, 'रिकामा केलेला स्पेन' म्हणतात. फरक बघा. 'तेरुएल आहे' अशा अर्थाच्या नावाची लोकांची चळवळ १९९९ पासून आहे. मार्च २०१९ मध्ये अशा सगळ्या भागांतल्या लोकांनी माद्रिदला मोर्चा काढला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत तेरुएलच्या चळवळीचा माणूस संसदेत गेला. मागणी काय? रेल्वे, दवाखाना, इंटरनेट, शाळा.

रेल्वेचंही ऐका. तिसऱ्या दिवशी ज्या वाटेवर सायकल चालवली ती जुनी रेल्वेलाइन. १९७३ ला गाडी बंद झाली. रूळ काढले, आता तिथं सायकलवाले फिरतात. बोगद्यातून जाताना थंडगार वारा लागतो, मजा येते. बाहेर पडलो की पडकं स्टेशन. आपली मजा कुणाच्या मोडलेल्या गाडीवर चाललीय, हे तिथं कळलं.

आणखी एक गोष्ट, आपल्या लग्नाळू पोरांसाठी. याच आरागॉन राज्यात वर पिरेनीज डोंगरात प्लान नावाचं गाव आहे. मुली शहरात गेल्या, पोरं बिनलग्नाची राहिली. १९८५ साली तिथल्या पोरांनी पेपरात जाहिरात दिली, लग्नाला तयार असलेल्या बायका पाहिजेत. मार्चमध्ये बसमधून बायका आल्या, गावानं जेवणावळी घातल्या, नाचगाणी झाली, बरीच लग्नं जमली. ऐकून मी हसलो. मग आमच्या गावातली तिशी ओलांडलेली, पाच-पाच एकर बागाईत असून बसलेली पोरं आठवली. हसू थांबलं.

ते लोक हात बांधून बसलेत असं नाही. लहान गावात ग्रामपंचायत एक जागा बांधते, त्यात दुकान, हॉटेल, दोन-चार खोल्या, सगळं एकत्र, आणि कमी भाड्यानं एखाद्या कुटुंबाला चालवायला देते. आम्ही कॉफी प्यायलो ती अशाच ठिकाणी. शाळेचं तसंच. चार-पाच गावांची मिळून एक शाळा, पण वर्ग ज्याच्या त्याच्या गावात, काही शिक्षकच गावोगाव फिरतात. आपल्याकडं कमी पटाच्या शाळांचं काय करायचं ही चर्चा चालू आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. मूल फिरवण्यापेक्षा मास्तर फिरवलेला बरा.

निघताना बाबांनी मूठभर बदाम दिले आणि म्हणाले, "गेला त्या प्रत्येकाचं बरोबर होतं. सगळ्यांचं मिळून चुकलं." विमानात तेच डोक्यात होतं.

आता घरचं सांगतो. थोरला पुण्यात कंपनीत आहे. जाण्यापूर्वी त्यानं विषय काढला होता, "आप्पा, किती दिवस राबणार? बाग खंडानं देऊन टाका, पुण्याला या." मीही जवळपास तयार होतो, बोलणी झाली होती. त्याचं चूक नाही. बेदाण्याचे, द्राक्षाचे भाव, पाऊस, मजुरी, सगळं तो बघतोय. पेठ-सुरगाण्याची माणसं आली नाहीत तर छाटणी अडते, हेही खरं.

परत आल्यावर पहाटे सायकल काढली, पण धरणाकडं गेलो नाही. आपल्याच गावाच्या गल्ल्यांतून हळूहळू फिरलो. कुलूप लावलेली घरं मोजली. तेवीस. वरच्या आळीत ओळीनं चार. रोज तिथून जातो, कधी मोजली नव्हती. मोटारसायकली, डीजे, ट्रॅक्टर यांच्या गोंगाटात कुलूप दिसत नाही.

खंडाचा कागद यंदा केला नाही. थोरल्याला फोन करून एवढंच म्हटलं, "पुढच्या वर्षीचं पुढं बघू. छाटणीला चार दिवस रजा काढून ये. नातवालाही आण, त्याला काडी दाखवायचीय." बघतो म्हणाला. येईल की नाही, सांगता येत नाही.

छाटणी चार दिवसांवर आलीय, पेस्टचं वगैरे पुढच्या पोस्टमध्ये लिहीन. तोवर एक काम करा. आपापल्या गावात एक चक्कर मारा, पायी किंवा सायकलवर, गाडीवर नको. कुलपं मोजा आणि शाळेचा पट विचारा. दोन्ही आकडे खाली लिहा.