ठिपक्यांवर न बसणारा पंचकोन

ठिपक्यांच्या रांगोळीत षटकोनाची चंगळ असते. अकरा ते सहा ठिपके घालावेत, दर ओळ मधोमध सरकवावी, अंतर नीट राखावं; कडेनं षटकोन आपसूक उभा राहतो. सरळ ओळींत चौकोन तर फुकटच. ओबडधोबड पंचकोनही हवे तेवढे काढता येतात. पण पाचही बाजू आणि पाचही कोन समान असलेला सुसम पंचकोन मात्र अशा ठिपक्यांवर कधीच बसत नाही, मग ठिपके कितीही दाट घाला. याला रांगोळी घालणारीचा हात जबाबदार नाही. ठिपक्यांच्या मांडणीतच ही मनाई आहे, आणि ती दिसते पंचकोनाचे कर्ण काढल्यावर.

समजा, अबकडइ असा सुसम पंचकोन बसलाच. जाळीतले कुठलेही तीन ठिपके घेऊन समांतरभुज चौकोन पुरा केला, तर चौथा कोपराही ठिपक्यावरच येतो. इथे अ, ब, क घ्यावेत आणि ब-समोरचा कोपरा शोधावा. सुसम पंचकोनात प्रत्येक कर्ण एकेका बाजूला समांतर असतो: अड हा बकला, कइ हा अबला. म्हणजे आपला चौथा कोपरा या दोन कर्णांच्या छेदावर पडला, आणि तिथे ठिपका असलाच पाहिजे. हेच पाचही छेदांबाबत. कर्णांनी मधोमध कोरलेला पंचकोन सुसमच असतो, फक्त उलटा आणि लहान. त्याची बाजू मूळ बाजूच्या सुमारे ०.३८ पट. आता त्याचेही कोपरे ठिपक्यांवर, त्याच्या कर्णांचे छेदही ठिपक्यांवर, आणि आत आणखी एक. चारदोन पायऱ्या उतरताच बाजू दोन शेजारी ठिपक्यांमधल्या अंतराहून तोकडी होणार. तेवढ्या जागेत दोन ठिपके मावत नाहीत. कागदावर ही उतरण अनंत चालते; जाळीला मात्र तळ आहे, आणि माझ्या मते सगळी गोम त्या तळात आहे.

यावर कुणी म्हणेल, एका देखण्या आकृतीची ही अडचण, तिचा एवढा बाऊ कशाला? पण वेड्यावाकड्या पंचकोनांवरही हाच तळ हुकूम चालवतो. कोपरे ठिपक्यांवर असलेला कोणताही बहिर्वक्र पंचकोन घ्या. त्याच्या कर्णांनी घडवलेल्या आतल्या पंचकोनात, निदान त्याच्या कडेवर, एक तरी ठिपका सापडतोच. चार कोपऱ्यांना हे बंधन नाही, एका घराचा चौकोन रिकामा राहू शकतो. पाचांना मात्र सुटका नाही. प्रत्येक ठिपक्याचे दोन निर्देशांक, प्रत्येक सम किंवा विषम, म्हणून ठिपक्यांच्या जाती चारच. पाच कोपऱ्यांतले दोन एका जातीचे निघतात आणि त्यांचा मध्यबिंदू ठिपका ठरतो. तो बाजूवरही पडू शकतो, म्हणून आतल्या पंचकोनापर्यंत पोचायला एवढं पुरत नाही. तिथे गणिती गेओर्ग पिक यांचं १८९९ सालचं सूत्र कामाला येतं: क्षेत्रफळ म्हणजे आतले ठिपके, अधिक कडेवरच्यांचे निम्मे, वजा एक. क्षेत्रफळ अर्ध्याच्या पटीतच बदलतं, त्यामुळे अपवाद असते तर त्यांत सर्वांत लहान असा एक असता. आणि त्यातून त्याहूनही लहान अपवाद काढून दाखवता येतो. पुन्हा तीच उतरण, पुन्हा तोच तळ.

डोळ्याला फसवेल इतका जवळचा पंचकोन दाट ठिपक्यांवर साधतो, हे खरं. पण जवळ येणं आणि बसणं यांत जाळी तडजोड करत नाही. खरा आक्षेप आला तो निसर्गाकडून. १९८२ साली पदार्थवैज्ञानिक डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत पंचकोनी सममिती दिसली. स्फटिक म्हणजे अणूंची जाळी, म्हणून ती स्फटिकात असूच शकत नाही असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. प्रमेय चुकलं का? नाही. अणू शिस्तीत होते, पण ती शिस्त जाळीची, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच घर मांडण्याची, नव्हती. कोसळलं ते स्फटिक म्हणजे जाळीच हे गृहीतक. १९९२ मध्ये स्फटिकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं व्याख्याच बदलली, २०११ मध्ये शेख्टमन यांना नोबेल मिळालं. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना मात्र हे अखेरपर्यंत पटलं नाही. पंचकोन जाळीत बसत नाही हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. म्हणून त्यांनी जाळी वाचवली, आणि जे दिसत होतं ते एकमेकांना कोनात चिकटलेल्या जुळ्या स्फटिकांच्या खात्यावर मांडलं.