शेवटचं धिरडं कुणाचं?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका. तुमच्या घरी धिरडी होतात त्या दिवशी शेवटचं धिरडं कोण खातं?

उत्तर सांगायची गरज नाही. पातेल्याच्या कडेचं पीठ चार चमचे पाण्याने विसळून घेतलेलं, तव्यावर ओतलं की वेडंवाकडं पसरणारं, एकीकडे करपलेलं नि एकीकडे ओलसर, असं ते धिरडं करणारीच खाते. तेही बहुधा उभ्याने, ओट्याशी. तोवर चटणीची वाटी पुसून गेलेली असते आणि बाहेरच्या खोलीत मंडळी हात धुऊन चहाची वाट बघत असतात.

पोह्यांचं, उपम्याचं तसं नाही. कढई एकदा उतरली की सगळ्यांच्या बशा एकदम भरतात आणि आपणही आपली बशी घेऊन टेकतो. पण धिरडी, घावन, आंबोळ्या, थालीपिठं, डोसे हे सगळे एकेक होणारे पदार्थ, आणि ते गरमच खावेत असे. म्हणजे खाणाऱ्याची मजा जितकी जास्त, तितकं करणारीचं उभं राहणं जास्त! आज ज्या पदार्थाविषयी लिहायचं आहे तो याच कुळातला, म्हणून एवढी प्रस्तावना. पदार्थाचं नाव वॉफल. आणि तेही तिखटामिठाचं.

"वॉफल म्हणजे पुण्यात चॉकलेट ओतून मिळतं तेच ना?" असं तुमच्यातली एखादी म्हणेल. तेच. पण ते गोडच असलं पाहिजे असा काही नेम नाही. युरोपात शेकडो वर्षं दोन लोखंडी पाट्या बिजागरीने जोडून, त्यांच्यामध्ये पीठ दाबून ते विस्तवावर भाजत. अमेरिकेत 1869 साली कॉर्नेलियस स्वार्टवूट नावाच्या गृहस्थाने चुलीवर ठेवून वापरायच्या अशा साच्याचं पेटंट घेतलं. पुढे विजेवरचे साचे आले. साचा त्यांचा, आत पीठ कुठलं घालायचं ते आपण ठरवायचं.

त्या चौकोनी खळग्यांमागेही विचार आहे बरं का! खळग्यांमुळे पिठाचा जास्त भाग तापलेल्या पाटीला टेकतो. त्यामुळे खमंग, कुरकुरीत पापुद्रा जास्त सुटतो आणि वॉफल जाड असूनही आत कच्चं राहत नाही. थालीपिठाला आपण बोटाने भोकं पाडतो आणि त्यांत तेल सोडतो, ते कशासाठी? त्याच्यासाठीच.

आमचं वरवे बुद्रुक पुणे-सातारा रस्त्यावरचं. खेड शिवापूर मागे पडलं की भोर तालुक्यात लागणारं. मुलूख भाताचा. घरात इंद्रायणी तांदूळ, कणी, तांदळाचं पीठ यांना तोटा नाही, म्हणून धिरडी-घावन ही आमची नेहमीची न्याहारी. पण घरातली माणसं एका वेळी बाहेर पडत नाहीत. कुणाची शिरवळच्या कारखान्यात पहाटेची पाळी, कुणाला पुण्याची बस गाठायची, मुलांची शाळा वेगळ्या वेळी, आणि मलाही अर्धा दिवस शिकवायला जायचं असतं. सहा दिवस तवा थांबून थांबून तापतो. रविवारी तेवढे सगळे एकत्र खायला बसतात.

गेल्या दिवाळीला नणंदबाईंनी वॉफलचं यंत्र भेट दिलं. मी ते ओट्यावर गॅसशेजारी मांडत होते, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आई, याला गॅस लागत नाही ना? मग हे स्वयंपाकघरात कशाला? आपण बसतो तिथे ठेवू या की!"

पोरीचं म्हणणं अगदी सरळ होतं. मधल्या खोलीत भिंतीला तीन पिनांचं सॉकेट आहे. तिथे चौरंग ओढला, त्यावर यंत्र ठेवलं. शेजारी पिठाचं पातेलं, पळी, तेलाची वाटी, चटणी, दही. भोवती सगळे बसले आणि मीही बसले! आमच्या ह्यांनी पळीभर पीठ जास्तच ओतलं, ते कडेने ओघळलं. मी उठले नाही. यंत्र निवल्यावर त्यांनीच पुसलं.

पहिलं वॉफल निघालं ते सासूबाईंच्या बशीत ठेवलं. त्यांनी सवयीने ते नातवापुढे सरकवलं. नातवाने परत त्यांच्यापुढे. "आजी, माझं मी करणारे. तुझं तू खा." सासूबाई जरा वेळ बशीकडे बघत राहिल्या, मग एक तुकडा मोडून म्हणाल्या, "अगं बाई, चांगलं गरम आहे की!"

बस्स, एवढंच. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्यांनी घरादाराला तव्यावरचं थेट ताटात वाढलं, त्यांना गरम घासाचं नवल वाटावं, हे माझ्या मनातून जाईना. त्यांना कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, कुणी जाच केला नव्हता. तवा आत होता आणि माणसं बाहेर होती, एवढंच.

आता कृतीकडे वळू. तीन प्रकार सांगते. तिन्ही घरातल्याच जिनसांचे.

पहिला इडलीच्या पिठाचा. आंबलेलं इडलीचं पीठ 2 वाट्या, बारीक रवा 2 चमचे, तेल 2 चमचे, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ. सगळं कालवून दहा मिनिटं ठेवावं म्हणजे रवा फुलतो.

दुसरा भाजणीचा. थालीपिठाची भाजणी 1 वाटी, तांदळाचं पीठ पाव वाटी, आंबट ताक पाऊण वाटी, तेल 2 चमचे, तिखट, हळद, ओवा, मीठ. लागेल तसं पाणी घालून सरबरीत भिजवावं आणि यंत्र तापल्यावरच पाव चमचा खायचा सोडा घालावा. ताकाच्या आंबटपणाने सोडा लगेच फुलतो. आधी घालून ठेवला तर त्याचा जोर निघून जातो.

तिसरा मूगडाळीचा. 1 वाटी डाळ नि पाव वाटी तांदूळ रात्री भिजवून सकाळी आलं-मिरची-जिऱ्याबरोबर वाटावेत आणि त्यात 2 चमचे तेल, मीठ घालावं. हवा तर किसलेला दुधी घालावा, पण मीठ लावून घट्ट पिळून. पाणी राहिलं की वॉफल लिबलिबीत होतं. नव्या इंद्रायणीला चिकटपणा असतो, म्हणून या वाटणाला जुना तांदूळ किंवा कणी बरी.

पीठ धिरड्यापेक्षा दाट, इडलीच्या पिठाइतकं ठेवा. थंडीच्या दिवसांत इडलीचं पीठ लवकर आंबत नाही. पातेलं उबेला, कापडात गुंडाळून ठेवावं. भाज्या अगदी बारीक चिरा. मोठे तुकडे राहिले की झाकण नीट बसत नाही आणि पीठ चिकटतं. पाट्या पूर्ण तापल्यावर त्यांना तेलाचं बोट फिरवा, मग पीठ ओता. आणि झाकण घाईने उघडू नका! कडेने वाफ येत असते तोवर आत ओल आहे. वाफ जवळजवळ थांबली की उघडा; साधारण पाच-सहा मिनिटं लागतात. आधी उघडलंत तर वॉफल मधोमध फाटून अर्धं वर, अर्धं खाली चिकटतं. निघालेलं वॉफल एकावर एक रचू नका. आपल्याच वाफेने ती मऊ पडतात. जाळीवर ठेवा.

विजेची काळजी वाटत असेल तर हिशेब सोपा आहे. 750 वॅटचं यंत्र तासभर सलग चाललं तरी पाऊण युनिट. वायर मात्र येण्याजाण्याच्या वाटेत नको, आणि लहान मुलं भोवती असताना मोठ्या माणसाने जवळ बसायलाच हवं. यंत्राची वरची बाजूही चांगलीच तापते.

आता एक तब्येतीची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं आणि तेवढ्यावर कपभर चहा ढोसायचा, ही आपली सवय त्यात भरच घालते. जेवणाखाणाबरोबरच चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. लिंबू पिळलं तर जास्त लागतं. म्हणून बाजरी घातलेल्या भाजणीचं वॉफल, त्याच्याबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर, आणि चहा तासाभराने, असं ठेवून बघा.

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे यंत्र नाही, मग काय?" नसू द्या! वरची तिन्ही पिठं जरा सैल केली तर तव्यावर त्यांची सुरेख धिरडी होतात, आणि इडलीच्या पिठाचे आप्पे तर एका घाण्यात सात-सात निघतात. यंत्र विकत घ्या असं मी मुळीच सांगत नाही. गॅस काही बाहेर नेता येत नाही. पण करणारी बदलता येते. दोन धिरडी तुम्ही घाला, दोन ह्यांनी, दोन मोठ्या मुलाने. मोडकी होतील, होऊ द्या. आपलीही पहिली मोडकीच झाली होती की!

आमच्याकडे हल्ली शेवटचं पीठ ज्याच्या पाळीला येईल त्याने खायचं, असं ठरलं आहे. मागच्या रविवारी ते ह्यांच्या वाट्याला आलं. तुटकं निघालं, एका कडेला जळलेलं. "शेवटचं हे असंच असतं का?" त्यांनी विचारलं. सासूबाई नि मी एकदमच म्हणालो, "असंच असतं."

तेव्हा येत्या रविवारी करून बघा. पहिलं गरम ज्यांनी आजवर खाल्लं नसेल त्यांच्या बशीत वाढा, मग त्या तुमच्या सासूबाई असोत, जाऊबाई असोत, की तुम्ही स्वतः. आणि हो, मूगडाळ करायची असेल तर शनिवारी रात्री भिजवायला विसरू नका.