विमान गराजमध्ये, वेळ कुठे?



गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, कोजागिरीला दुधाच्या पातेल्यापाशी आणि मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आम्हाला हल्ली एकच प्रश्न विचारला जातो. "खरंच घरी विमान बांधताय?" हा नव्हे, तो पहिल्याच वर्षी विचारून संपला. आता विचारतात, "अहो, पण तुम्हाला वेळ कसा मिळतो?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडं कौतुक असतं आणि थोडी शंका, की ह्यांच्या नोकऱ्या ठीक चालल्या आहेत ना. संपादक म्हणाले, एकदाच सविस्तर लिहा म्हणजे प्रसादाची रांग पुढे सरकेल. म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे दोघं. आमच्यातलं एक माणूस रसायनशास्त्रातलं डॉक्टर (कृपया औषधं विचारू नयेत), दुसरं कॉम्प्युटरवालं. शिवाय अकरा वर्षांची मुलगी. तुमच्या हातातल्या ह्या अंकाच्या घड्या घालून त्यावर तिकिटं चिकटवणारेही आम्ही तिघंच. २०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही ऑरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं शेपटीचं किट मागवलं. विमान दोन आसनी. तिघं माणसं आणि सीटा दोन, हे आमच्याही लक्षात आलेलं आहे. चार आसनी विमानाचं किट आणि त्याचं मोठं इंजिन आमच्या बजेटात बसत नाही.

घरी विमान बांधणं ह्या देशात कायदेशीर आहे, हे आपल्यातल्या अनेकांना अजून पटत नाही. एफएएचा नियम असा की, विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असलं, तर ते 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात नोंदवता येतं. बोलीभाषेत ह्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. पैसे देऊन करून घेतलेलं काम आपल्या हिश्शात धरत नाहीत. म्हणून प्रत्येक दिवसाची नोंद आणि फोटो ठेवायचे, शेवटी तपासणी, आणि मग ठरवून दिलेल्या भागातच, प्रवासी न घेता, चाचणीची उड्डाणं करायची. अशा हौशी लोकांची संघटना पॉल पोबेरेझ्नी ह्यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीला सुरू केली. तिचा मेळा दर जुलैत ओशकोशला भरतो. आमच्या इंडियानातल्या घरापासून ते गाडीने सहा-साडेसहा तासांवर. २०२३ मध्ये तिथे पावणेसात लाखांच्या आसपास माणसं आली होती. पंढरीच्या वारीची आठवण यावी अशी गर्दी, फक्त सगळ्यांच्या माना वर.

आता वेळेचं. आधी बांधलेले लोक सांगतात की अशा विमानाला दीड ते दोन हजार तास लागतात. आम्ही सतराशे धरले. बहुतेकांचा सल्ला असतो, "शनिवार राखून ठेवा." मंडळाचं वार्षिक वेळापत्रक टाइप करण्याचं काम आमच्याकडेच असल्यामुळे आम्ही किट मागवायच्या आधीच शनिवार मोजून पाहिले. संक्रांत, पाडवा, पिकनिक, गणपती, त्याच्या नाटकाच्या तालमी, दिवाळी, मुलांचे वाढदिवस, पोहण्याच्या स्पर्धा, विमानतळावर कोणाला तरी सोडणं-आणणं हे सगळं वजा करता वर्षाचे सतरा शनिवार उरले. सतरा शनिवार गुणिले पाच तास, म्हणजे पंचाऐंशी. ह्या वेगाने विमान वीस वर्षांनी पुरं झालं असतं. तेव्हा शनिवारवर विसंबण्यात अर्थ नव्हता, आणि उरली ती आठवड्याच्या संध्याकाळची पाऊण तासाची पट्टी: जेवणं, गृहपाठ आणि भांडी झाल्यावर, झोप अनावर होण्याआधी.

पण पाऊण तासाची गंमत अशी की त्यातली वीस मिनिटं सामान काढण्यात आणि आवरण्यात जातात. काल कुठवर आलो होतो, कोणतं भोक कोणत्या ड्रिलचं, नकाशाचं कोणतं पान, हे आठवण्यात आणखी पाच. आपल्याला वाटतं वेळ कमी पडतो. खरं म्हणजे सुरुवात करणंच महाग पडतं. हे कोडं आम्हाला बाबांनी सोडवून दिलं.

बाबा पुण्याला दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते, तिथूनच रिटायर झाले. एसटीची जुनी लाल गाडी तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या अंगावर रांगेने बसवलेले रिव्हेट मात्र कोणी मोजले नसतील. ती बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असायची. २०२३ च्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई-वडील इथे आले की काय होतं ते ह्या पानांवर पुष्कळदा लिहून झालं आहे: आपण कामावर, नातवंडं शाळेत, चालत जाता येईल असं एकही दुकान नाही, आणि दुपार संपता संपत नाही. चौथ्या दिवशी बाबा चष्मा पुसत गराजमध्ये आले, टेबलावरचा पत्रा उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "बर काढलेली नाही नीट."

बर म्हणजे भोक पाडल्यावर किंवा पत्रा कापल्यावर कडेला उरणारी बारीक धार. ती तशीच राहिली तर पत्रे एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि तिथूनच पुढे चीर जाऊ शकते. विमानात अशी भोकं हजारोंनी. बाबांनी कापसाचा बोळा मागितला आणि कडेवरून फिरवला. जिथे कापसाचा धागा अडकतो तिथे बर आहे. मग कानस घेऊन बसले ते सप्टेंबरपर्यंत. दुपार कशी घालवावी हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. लॉगबुकमध्ये त्या उन्हाळ्याची निम्मी पानं त्यांच्या बाळबोध अक्षरात आहेत, आणि आमच्या फोटोंत शेपटीबरोबर एक गांधी टोपीही आहे. तपासणीला येणारा माणूस तिचा काय अर्थ लावील कोण जाणे.

आमची आवराआवर त्यांना पाहवेना. रोज रात्री आम्ही सगळी हत्यारं ड्रॉवरमध्ये टाकायचो. ते म्हणाले, "पाळी सुटायच्या आधी पाच मिनिटं हत्यारं भरायची नसतात, मांडायची असतात. पुढच्या पाळीचा माणूस आला की त्याचा हात पान्यावरच पडला पाहिजे." आता पुढच्या पाळीचे माणूसही आम्हीच. पण तेव्हापासून शेवटची पाच मिनिटं उद्याची. उद्याचाच भाग टेबलावर, त्याला लागणारंच ड्रिल शेजारी, नकाशा त्याच पानावर, आणि वर एक चिठ्ठी: "सात नंबरच्या पट्टीपासून सुरू." त्यासाठी गराजमधलं एक टेबल कायमचं अडवावं लागलं आणि एक गाडी बाहेर बर्फात उभी राहते. जानेवारीत काच खरवडताना ह्या तत्त्वज्ञानावर घरात चर्चा होते.

दुसरी गोष्ट अशी की, सगळी कामं पाऊण तासात तोडता येत नाहीत. बर काढणं, पट्ट्या घासणं, भोकांना बशीसारखा खोलगटपणा देणं ही मुकाट्याने होणारी कामं, ती रात्रीची. रिव्हेट मारायला मात्र दोन माणसं हवीत: एकाच्या हातात हवेवर चालणारी गन, दुसऱ्याच्या हातात मागून टेकवायचा जड पोलादी ठोकळा. आवाज असा की पोर झोपलेलं असताना नाव काढू नये. मागच्या बाजूला तयार होणारं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच व्हायला हवं, नाहीतर ड्रिलने काढून पुन्हा. दोघांनी मिळून रिव्हेट मारताना फक्त तीन शब्द बोलायचे असतात: "थांब", "मार" आणि "हं". संसारात एवढं नेमकं बोलणं आमचं दुसरीकडे कुठेच होत नाही.

आणि तिसरं काम, जे आमच्यातल्या केमिस्टच्या वाट्याला येतं: पेट्रोलच्या टाक्या. ह्या विमानात टाकी वेगळी नसते; पंखाची पुढची कडच आतून सील करून टाकी होते. सीलंट पॉलिसल्फाइडचं, दोन भागांचं. पांढरट लगदा दहा भाग आणि काळी पेस्ट एक भाग, वजनाने. काळ्यामध्ये मँगेनीज डायऑक्साइड असतं, टॉर्चच्या साध्या सेलमधली काळी पूड तीच. ते मिसळलं की लगद्यातल्या साखळ्यांची गंधकाची टोकं एकमेकांना जोडली जातात. केसांमध्येही गंधकाची अशीच जोडणी असते. वास कुजक्या अंड्याचा. पण वासापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. आम्ही वापरतो ते सीलंट मिसळल्यापासून सुमारे दोन तास कामाचं राहतं, उकाड्यात आणि दमट हवेत त्याहून कमी, आणि थंडीत वाळायचं नाव घेत नाही. एकदा काडी फिरवली की भारतातला फोन नाही, दारावरची बेल नाही, "आई, माझं कात्री कुठाय" नाही. म्हणजे मे ते ऑक्टोबरमधली एक अखंड दुपार, दोघं मोकळे, आणि पोर दुसरीकडे. अशी दुपार कॅलेंडरवर आपोआप कधी उगवत नाही. ती मंडळातल्या दोन कुटुंबांशी अदलाबदलीने मिळते: ह्या रविवारी आमची लेक त्यांच्याकडे, पुढच्या रविवारी त्यांची दोन्ही मुलं आमच्याकडे. त्यात नुकसान कोणाचं होतं हे त्या दोन मुलांना ओळखणारे जाणतात.

जागा नाही, म्हणून जमत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचं उदाहरण सांगतो. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेले अमोल यादव ह्यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. त्यांच्यापुढे आमचं गराज म्हणजे चैन. इथे नियम तयार आहेत, किट तयार आहे, प्रश्न विचारायला चॅप्टरमधले अनुभवी लोक घरी येऊन फुकट पाहणी करून जातात.

आता जे प्रसादाच्या रांगेत सांगत नाही ते. तीन वर्षांत आमचे सहाशे दहा तास भरले. राहिले जवळपास अकराशे. ह्याच चालीने साडेपाच वर्षं. लेक तेव्हा साडेसोळाची असेल, बाबा ब्याऐंशीच्या घरात. ओशकोशला भेटलेल्या एका जोडप्याने आठवड्याला दहा-दहा तास काढून आपलं विमान तीन वर्षांत उडवलं. आम्हीही हिशेब करून पाहिला. आणखी सहा तास आणायचे कुठून? मराठी शाळेचा वर्ग सोडायचा, किंवा लेकीच्या झोपण्याआधीचा तास, किंवा रविवारचा पुण्याचा फोन. एक रात्र त्यावर बरंच बोलणं झालं, आवाजही थोडे चढले. शेवटी आमच्यातल्या एकाने यंदा कार्यकारिणीचं पद घेतलं नाही (अंकाच्या घड्या चालू राहतील, संपादकांनी काळजी करू नये), क्रिकेटचे रात्रीचे सामने सोडले, आणि बाकीचं आहे तसंच ठेवलं. त्यातून आठवड्याला दीड तास वाढला. विमान साधारण दीड वर्ष अलीकडे येईल.

लेकीचं गणित निराळं आहे. तिने कुठेतरी वाचलं की सोळाव्या वर्षी एकटीने उडवता येतं आणि सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं. तेव्हापासून तिला आमची घाई पटत नाही. "माझ्या आधी कशाला संपवायचंय?" असं विचारते. क्लेको, म्हणजे रिव्हेट मारेपर्यंत पत्रे धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या खिळ्या, वेगळे करण्याचं खातं तिचं: चंदेरी लहान भोकांचे, तांबूस त्याहून मोठ्यांचे. सीलंट आणि रंगाच्या वेळी तिला गराजबंदी आहे. जुन्या झिंक क्रोमेटच्या प्रायमरला तर आम्ही घरातच थारा दिलेला नाही, त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण होतं.

बाबा आता पुन्हा एवढा प्रवास करतील असं वाटत नाही, गुडघे साथ देत नाहीत. रविवारी फोनवर ते "झालं का" असं विचारत नाहीत. "ह्या आठवड्यात किती बसले?" असं विचारतात. आम्ही रिव्हेटचा आकडा सांगतो, ते तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवतात, आणि मग लेकीला घेऊन विचारतात की कापूस फिरवलास का.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहापासून उजव्या पंखाचे पत्रे क्लेकोवर चढवायचे आहेत. हात हवे आहेत. दहा वर्षांवरची मुलं चालतील. पायात बंद बूट घालावेत, अंगठ्या-बांगड्या घरी काढून याव्यात, आणि एकनंतर गन बंद, कारण शेजारचं बाळ तेव्हा झोपतं. चहा आणि साबुदाण्याची खिचडी आहे. किती खिचडी लागेल ते कळावं म्हणून आधी फोन करावा.