पट्टा आणि पत

'रेडी टू रंबल' परवा पुन्हा पाहिला. २००० सालचा अमेरिकी विनोदी सिनेमा, दर्जा यथातथाच. मैला उपसणारी दोन पोरं, डब्ल्यूसीडब्ल्यू कुस्तीची वेडी. लाडक्या पैलवानाला फसवून हरवलं, म्हणून त्याला परत रिंगणात आणायला निघतात.

खरी गंमत पडद्याबाहेर. सिनेमाची हवा करायला कंपनीने त्यातल्या नटाला, डेव्हिड आर्केटलाच चॅम्पियन केलं! तो स्वतः चाहता, नको म्हणत होता. प्रेक्षक भडकले. आधीच घसरलेली कंपनी मार्च २००१मध्ये प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली.

कुस्ती ठरवून होते, हे चाहत्याला ठाऊक असतंच हो. तरी पट्ट्याचा मान तो खरा मानतो. पैसे घेऊन जाहिरात बातमी म्हणून छापणाऱ्या आमच्या धंद्यातल्या मालकांनी हा सिनेमा जरूर बघावा. वाचकही भाबडा नसतो, विश्वास ठेवतो इतकंच.