अकरा पॉइंट आठ

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बाबांचा फोन आला. अशा वेळी घरून फोन आला की पहिल्या रिंगलाच पोटात गोळा येतो. मी पुण्यात, आई-बाबा मध्य प्रदेशात सिवनीजवळ, एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत उभ्या केलेल्या आमच्या जुन्या ओम्नीत.

"आई बरी आहे," बाबांनी आधी तेच सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "अकरा पॉइंट आठ."

एवढ्यावरून मला सगळं कळलं. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असेल, तर मीटरवर साधारण १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. ११.८ म्हणजे संपल्यातच जमा. गाडीच्या मागच्या भागात त्या बॅटरीवर एक छोटा फ्रिज चालत होता आणि फ्रिजमध्ये आईचं पुढच्या दोन महिन्यांचं इन्सुलिन होतं. रात्री कधीतरी फ्रिज बंद पडला होता. आतलं तापमान ३१ अंश.

बॅटरी संपली, ही काही फार मोठी गोष्ट नाही. पण माझ्या बाबांनी आयुष्यभर बॅटरीचंच दुकान चालवलं आहे.

*

दुकान सक्करदऱ्याला, उमरेड रोडवर. १९८५च्या सुमारास बाबांनी ते सुरू केलं, तेव्हा धंदा बॅटरी विकण्याचा कमी आणि चार्ज करून देण्याचा जास्त होता. वरातीच्या बँडवाल्यांच्या बॅटऱ्या यायच्या, रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्यांच्या यायच्या. बुधवारी सक्करदऱ्याचा बाजार भरायचा, तेव्हा उमरेड-भिवापूरकडची माणसं एसटीच्या टपावर बॅटरी टाकून आणायची. एक ठेवायची, गेल्या आठवड्याची भरलेली न्यायची. १९८७मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि वीज नसलेल्या गावांत ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लागू लागले. बाबा सांगतात, शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. रविवारी सकाळी ऐन युद्धात टीव्ही बंद पडला, तर सोमवारी अख्खं गाव भांडायला हजर.

म्हणून बाबांचा एक नियम होता. प्रत्येक बॅटरीची नोंद वहीत. 'आली' आणि 'गेली' असे दोन रकाने. येताना ॲसिडचा काटा किती आणि जाताना किती. हायड्रोमीटरचा आकडा तासातासाने घेऊन तीन वेळा तोच आल्याशिवाय बॅटरी दुकानाबाहेर जायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत घराघरात इन्व्हर्टर आले, मग चौकात ई-रिक्षा आल्या. एका रिक्षाला बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या. त्या रोज तळापर्यंत रिकाम्या होतात, म्हणून लवकर मरतात. बाबा प्रत्येक रिक्षावाल्याला सांगायचे, "अर्ध्याच्या खाली नको नेऊ रे बाबा." कोणी ऐकायचं नाही. ज्याचं पोट त्या शेवटच्या फेरीवर आहे, तो कसा ऐकणार?

कोविडनंतर बाबांनी दुकान भाड्याने दिलं. त्याच सुमारास, २०२१मध्ये, राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. पेपरात फोटो होता. आत पलंग, ओटा, संडास असलेली चकचकीत गाडी. बाबांनी तो फोटो बरेच दिवस जपून ठेवला होता.

आईला अमरकंटकला जायचं होतं. नर्मदा उगमापाशी पाहायची, एवढंच. पण तिचे गुडघे गेलेले. तासा-दीड तासाने आडवं व्हावं लागतं, जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, दिवसातून दोनदा इन्सुलिन. बसने शक्य नव्हतं आणि लॉजच्या पायऱ्या चढणं तिला नको वाटायचं. म्हणून बाबांनी ओम्नीच्या मागच्या सीट काढून तिथे प्लायवूडचा सुटा पलंग बसवला. गाडीचा पत्रा कुठेही कापला नाही. गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला कायद्याची परवानगी नाही आणि बाबांना आरटीओच्या चकरा नको होत्या. पलंगाखाली बॅटरी, बॅटरीशेजारी फ्रिज.

*

आमचं भांडण इथून सुरू झालं.

मी म्हटलं, लिथियम घ्या, पैसे मी देते. यूट्यूबवर सगळे हेच सांगतात. शंभर ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी जवळपास तीस किलोची आणि वापरायची ती अर्धीच. तेवढीच लिथियम निम्म्याहून कमी वजनाची आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. लेड-ॲसिड म्हणजे १८५९ सालचा शोध, बाबा. जग कुठे गेलं!

"जग जाऊ दे," बाबा म्हणाले. "मे महिन्यात नागपुरात बंद गाडी आतून किती तापते, माहीत आहे न तुले? तुही लिथियम पंचेचाळीस-पन्नासच्या वर चार्जिंगच बंद करते. तिच्या डोक्यात सर्किट असते तसं."

हे खरं होतं. मी तपासलं. पण उष्णता लेड-ॲसिडलाही खातेच. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. हे मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी बिनपाण्याची सीलबंद बॅटरी आणली. साधी पाणी टाकायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि माणसं झोपतात तिथे ती ठेवायची नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पट्ट्याने आवळली. फ्यूज लावला. गाडीच्या मुख्य बॅटरीपासून मागे वायर ओढली, मध्ये रिले टाकला, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच मागची बॅटरी चार्ज होईल आणि रात्री फ्रिजमुळे पुढची रिकामी होणार नाही.

सगळं नीट दिसत होतं. एप्रिलच्या शेवटी दोघं निघाले. पहिला मुक्काम रामटेक, दुसरा सिवनी. तिसऱ्या पहाटे फोन.

*

त्या सकाळी मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, काही तास तीस-एकतीस अंशांवर राहिलं म्हणून इन्सुलिन लगेच वाया जात नाही. फक्त आता ते न उघडलेलं म्हणून महिनोन्‌महिने ठेवता येणार नाही. आजची तारीख लिहा, चार आठवड्यांत वापरा, उरलेलं टाका.

आईला हे सांगायला फोन केला, तर ती शांत होती. "माहं चालू पेन त्या फ्रिजमध्ये नव्हतंच," ती म्हणाली.

तिने घरून एक लहान माठ आणला होता. त्यात ओली वाळू, वाळूत वाटी, वाटीत पेन, वरून ओलं फडकं. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. दोन-आठ अंश त्याने होत नाही, पण वापरात असलेलं पेन तेवढं थंड लागतही नाही.

"तू बाबांना सांगितलं नाहीस?"

"कशाले सांगू? दोन महिने तुम्ही दोघं भांडून राहिले, कोणती बॅटरी. मले कोणी विचारलं का, की तुले भरवसा वाटते का म्हणून?"

ती पुढे जायला तयार नव्हती. चिडून नाही. तिला भीती वाटत होती, एवढंच. दोघं त्याच दुपारी परत फिरले. नर्मदा अजून कितीतरी लांब होती.

*

शनिवारी मी नागपूरला गेले. बाबा माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मी मनातल्या मनात 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तयार ठेवलं होतं. लिथियम असती तर झालं नसतं, असं मला म्हणायचं होतं.

मग आम्ही गच्चीवर बसून हिशोब मांडला. बाबांनी दुकानाची जुनी वही काढली आणि कोऱ्या पानावर दोन रकाने आखले.

फ्रिज चालू असताना साडेतीन ॲम्पिअर घेतो. चव्वेचाळीस अंशांत तो दिवसातून चौदा तास चालला असणार. झाले एकोणपन्नास. रात्री पंखा दीड ॲम्पिअर, आठ तास. बारा. म्हणजे दिवसाला साठेक ॲम्पिअर-तास खर्च. दोन दिवसांत गाडी चालली मिळून साडेतीन-चार तास, तासाला जेमतेम आठ ॲम्पिअर धरले तर जमा तीस. शंभरची भरलेली बॅटरी, वर तीस जमा, आणि दोन दिवसांचा खर्च एकशे वीस. दुसऱ्या पहाटेपर्यंत तळ दिसणारच होता.

आता माझं वाक्य मलाच गिळावं लागलं. तेवढीच लिथियम असती, तर फार तर एक दिवस जास्त टिकली असती. म्हणजे फोन सिवनीऐवजी मंडल्याहून आला असता. घेणं जास्त आणि देणं कमी असेल, तर बॅटरी कोणतीही असो, ती फक्त दिवस ढकलते.

पण बाबा दुसऱ्याच आकड्यापाशी अडकले होते. "तासाला आठच काऊन?" ते मीटर घेऊन खाली गेले, गाडी सुरू केली. पुढच्या बॅटरीवर १४.०. मागच्या बॅटरीवर १३.२. पाऊण व्होल्ट वाटेतच गायब.

वायर. जाऊन-येऊन दहा मीटर आणि जाडी अडीच स्क्वेअर एमएम. घराच्या वायरिंगमधली उरलेली. घरात २३० व्होल्ट असतात, तिथे पाऊण व्होल्ट कमी झाल्याचं कोणाला कळतही नाही. इथे मात्र बॅटरी भरायला चौदाच्या वर लागतात, तेरा पॉइंट दोनवर ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धपोटी राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसत जातं आणि मग पुढे जागाच कमी होते. बाबांनी हे गिऱ्हाइकांना हजार वेळा सांगितलं असेल.

ते बराच वेळ ती वायर हातात धरून उभे होते. "घरात पडली होती," म्हणाले. मग, "दुसऱ्या कोणाची गाडी असती, तर मी असं करून दिलं नसतं व."

मी काही बोलले नाही. शंभर बॅटऱ्यांची 'गेली'ची नोंद घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या बॅटरीची घेतली नव्हती. मीही कुठे विचारलं होतं, वायर केवढी आहे? मी फक्त बॅटरीचं नाव विचारत होते.

*

बाकीचं काम दोन दिवसांचं. सोळा स्क्वेअर एमएमची वायर, दोन्ही टोकांना फ्यूज. आता वाटेत जेमतेम एक दशांश व्होल्ट जातो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, जो पुढून जे येईल ते मागच्या बॅटरीला हवं तेवढं वाढवून देतो. दोनशे वॉटचा सोलर पॅनल. तापल्यावर तोही मंदावतो, अंशागणिक थोडी थोडी वीज कमी. शिवाय आईला सावली हवी आणि पॅनलला ऊन, म्हणून तो टपावर न ठोकता सुटा ठेवला, लांब वायरवर. गाडी झाडाखाली, पॅनल उन्हात. आणि किती ॲम्पिअर आले, किती गेले, हे दाखवणारा एक छोटा मीटर. लिथियम घेतली नाही. ते पैसे या सगळ्यात गेले.

मग आईने अट घातली. गाडी तीन दिवस घराच्या अंगणातच उभी करायची, फ्रिज चालू ठेवून. रोज सकाळी आकडा तिला दाखवायचा. तिसऱ्या सकाळी तिने वहीत स्वतः लिहिलं आणि म्हणाली, "पावसाळा होऊ द्या. नोव्हेंबरात जाऊ."

नोव्हेंबरात फ्रिजला फारसं काम नसतं, त्यामुळे खर्च निम्म्याहून खाली आला. सिवनी, मंडला, दिंडोरी, अमरकंटक. मी सुट्टी काढून जायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. माठ मात्र गेला. बाबांनी स्वतः उचलून गाडीत ठेवला.

रोज सकाळी व्हॉट्सॲपवर मीटरचा फोटो यायचा. १२.६. १२.७. खाली एक ओळ, "आई बरी आहे." बाबांना फोनवर बोलायला सुचत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. सहाव्या दिवशी फोटोत मीटर नव्हता. आई उगमाच्या कुंडापाशी, काठी टेकून, उन्हात डोळे बारीक करून उभी होती.

मी लगेच विचारलं, "आणि बॅटरी?"

उत्तर आईच्या नंबरवरून आलं. "भरली आहे. जेवलीस का?"